सेमीकंडक्टर कंपनीचे कर्ज आणि मालमत्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिप बनवणाऱ्या कंपन्यांचे ताळेबंद वाचणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत, पुढचे अपवादांचे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल; एखाद्या मुद्द्याचा विस्तार दुसरीकडे असेल तेथे प्रश्नक्रमांक दिला आहे. उदाहरणांतील आकडे कंपन्यांनी स्वतः जाहीर केलेले असून सोयीसाठी जवळच्या आकड्यात मांडले आहेत.

१. कर्ज-मालमत्ता गुणोत्तर म्हणजे काय आणि ते कसे काढतात?

कंपनीच्या एकूण मालमत्तेपैकी किती भाग उसन्या पैशावर उभा आहे, हे सांगणारा हा आकडा आहे. अल्पमुदतीचे कर्ज, दीर्घमुदतीच्या कर्जापैकी येत्या वर्षभरात फेडायचा भाग आणि उरलेले दीर्घमुदतीचे कर्ज यांची बेरीज करायची, तिला एकूण मालमत्तेने भागायचे आणि शंभराने गुणायचे. इंटेलचे २०२४ अखेरचे कर्ज सुमारे ५० अब्ज डॉलर आणि एकूण मालमत्ता सुमारे १९६.५ अब्ज डॉलर होती, म्हणजे गुणोत्तर २५ टक्क्यांच्या थोडे वर भरते. वर्षभरात फेडायचा भाग बेरजेत घ्यायचा राहून जाणे ही नेहमीची चूक आहे, कारण तो चालू देण्यांच्या गटात, पुरवठादारांच्या देण्यांच्या शेजारी छापलेला असतो.

अंकगणित एवढेच आहे. अडचण सुरू होते ती छेदात काय काय दडले आहे हे पाहू लागल्यावर. चिपउद्योगात अंशापेक्षा छेद अधिक फसवा असतो आणि खालील बहुतेक प्रश्न या ना त्या वाटेने छेदाकडेच येतात.

२. एकाच कंपनीचे हे गुणोत्तर एका ठिकाणी १० टक्के आणि दुसऱ्या ठिकाणी ६० टक्के दिसते. खरे कोणते धरायचे?

दोन्ही खरी असू शकतात, कारण अंशात वेगवेगळ्या गोष्टी घेतलेल्या असतात. काही जण केवळ व्याजी कर्ज घेतात, तर काही जण सर्व देणी घेतात. त्यांत पुरवठादारांची देणी, कर, निवृत्तिवेतनाची तरतूद आणि ग्राहकांकडून आधीच घेतलेले पैसेही येतात. चिप बनवण्याची यंत्रे पुरवणाऱ्या एएसएमएलचा २०२४ अखेरचा ताळेबंद याचे उत्तम उदाहरण आहे. एकूण मालमत्ता सुमारे ४८.६ अब्ज युरो, भागधारकांचे भांडवल सुमारे १८.५ अब्ज, म्हणजे सर्व देणी ६२ टक्क्यांच्या आसपास. पण त्यांतले व्याजी कर्ज ५ अब्जांपेक्षाही कमी, म्हणजे १० टक्क्यांच्या आत. उरलेल्या देण्यांत मोठा वाटा ग्राहकांनी यंत्रांसाठी आगाऊ भरलेल्या पैशांचा आहे. हे देणे रोख रकमेने नव्हे, तर यंत्र पोहोचवून फेडायचे असते.

कर्जाचा भार तपासायचा असेल तर व्याजी कर्जच धरावे आणि कोणती व्याख्या वापरली ते नोंदवून ठेवावे. दोन कंपन्यांची तुलना करताना दोन वेगळ्या संकेतस्थळांवरचे तयार आकडे शेजारी ठेवू नयेत. ग्राहकांची आगाऊ रक्कम मात्र नेहमीच इतकी निरुपद्रवी नसते. त्यासाठी प्रश्न १० पाहा.

३. सेमीकंडक्टर कंपनीसाठी किती टक्के कर्ज सुरक्षित समजावे?

सर्वांना लागू पडेल असा एकच आकडा नाही आणि जो कोणी तो देईल त्याच्याकडे संशयाने पाहावे. फॅबलेस कंपनी चिपची रचना करते आणि उत्पादन दुसऱ्याकडून करून घेते. तिला कारखाना नसतो, त्यामुळे मोठ्या कर्जाची गरजही कमी असते. एनव्हिडियाच्या जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या वर्षाअखेर मालमत्ता सुमारे १११.६ अब्ज डॉलर आणि कर्ज सुमारे ८.५ अब्ज डॉलर होते, म्हणजे ८ टक्क्यांहून कमी. स्वतःची फॅब, म्हणजे चिपचा कारखाना, चालवणाऱ्या कंपनीचे गणित निराळे असते.

पण एकाच गटातही आकड्याचा अर्थ बदलतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे २०२४ अखेरचे कर्ज सुमारे १३.६ अब्ज डॉलर आणि मालमत्ता सुमारे ३५.५ अब्ज, म्हणजे ३८ टक्के. वर पाहिलेल्या इंटेलचे २५ टक्के. केवळ आकडा पाहणारा इंटेलला अधिक सुरक्षित म्हणेल. प्रत्यक्षात २०२४ मध्ये इंटेलला सुमारे १८.८ अब्ज डॉलरचा निव्वळ तोटा झाला, लाभांश थांबवावा लागला आणि मूडीजने ऑगस्टमध्ये तिचे पतमानांकन एका पायरीने खाली आणले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ॲनालॉग चिप (वीज, आवाज, तापमान यांसारखे सलग बदलणारे संकेत हाताळणाऱ्या) बनवते. त्या चिप वर्षानुवर्षे विकल्या जातात आणि जुन्या यंत्रांवरही नफ्यात बनतात, त्यामुळे तेवढेच कर्ज तिला हलके जाते. म्हणून तुलना करायची ती त्याच गटातील कंपन्यांशी (ॲनालॉगची ॲनालॉगशी, मेमरीची मेमरीशी) आणि त्याच कंपनीच्या मागच्या दहा वर्षांशी.

४. मेमरी कंपनीचे गुणोत्तर एका वर्षात दुप्पट झाले. व्यवस्थापनाने उधळपट्टी केली असे समजायचे का?

बहुधा नाही. डीरॅम आणि नॅन्ड या मेमरी चिप एकमेकींच्या जागी चालणाऱ्या मालासारख्या विकल्या जातात. त्यांचा भाव पडला की विक्री, नफा आणि मालसाठ्याचे मूल्य एकाच वेळी खाली येतात. कारखान्याचा खर्च मात्र चालूच राहतो. मायक्रॉनचे ऑगस्ट-सप्टेंबर २०२२ मध्ये संपलेले वर्ष घ्या: विक्री सुमारे ३०.८ अब्ज डॉलर, कर्ज सुमारे ६.९ अब्ज, मालमत्ता सुमारे ६६.३ अब्ज. गुणोत्तर १० टक्क्यांच्या जरासे वर. पुढच्याच वर्षी विक्री जवळजवळ निम्मी होऊन १५.५ अब्जांवर आली, ५.८ अब्जांचा तोटा झाला, एका तिमाहीत मालसाठ्याचे मूल्य १.४३ अब्ज डॉलरने कमी करावे लागले आणि कर्ज १३.३ अब्जांवर गेले. मालमत्ता ६४.३ अब्ज राहिली. गुणोत्तर सुमारे २१ टक्के झाले.

यातून कंपनी सावरली, कारण मंदीत शिरताना तिचे गुणोत्तर कमी होते आणि कर्ज वाढवायला जागा होती. जी कंपनी तेजीच्या शिखरावरच ३५-४० टक्क्यांवर असते तिला अशी जागा उरत नाही. डीरॅम बनवणाऱ्या जपानच्या एल्पिडाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी न्यायालयीन संरक्षणासाठी अर्ज केला तेव्हा तिच्यावर सुमारे ४४८ अब्ज येनची देणी होती. डीरॅमचे पडलेले भाव आणि महागलेला येन यांनी तिला दोन्हीकडून दाबले होते. पुढे २०१३ मध्ये मायक्रॉननेच ती विकत घेतली.

थोडक्यात, मेमरी कंपनीचे गुणोत्तर पाहताना ते चक्राच्या कोणत्या टप्प्यावर मोजले आहे हे आधी विचारावे. शिखरावरचा २० टक्के आणि तळातला २० टक्के हे दोन अगदी वेगळे आकडे आहेत.

५. फॅबमधील यंत्रे ताळेबंदात ज्या किमतीला दिसतात, त्यावर विश्वास ठेवावा का?

ती किंमत म्हणजे खरेदीमूल्य वजा आजवरचा घसारा, आणि घसारा हा व्यवस्थापनाचा अंदाज असतो. यंत्र पाच वर्षे चालेल असे धरले तर ते दरवर्षी खरेदीमूल्याच्या २० टक्क्यांनी उतरते. आठ वर्षे धरली तर साडेबारा टक्क्यांनी. तेच यंत्र, तीच खोली, तरी तिसऱ्या वर्षाअखेर पहिल्या हिशेबात त्याचे मूल्य ४० उरते आणि दुसऱ्यात ६२.५. मालमत्ता फुगली की कर्जाचे गुणोत्तर आपोआप घटते. कर्ज एका पैनेही कमी झालेले नसते.

हे केवळ कागदी उदाहरण नाही. इंटेलने जानेवारी २०२३ पासून आपल्या यंत्रसामग्रीचे उपयुक्त आयुष्य ५ वरून ८ वर्षे केले आणि त्या वर्षीचा घसारा त्यामुळे सुमारे ४.२ अब्ज डॉलरने कमी होईल असे सांगितले. त्यानंतर दोन वर्षेही पूर्ण झाली नव्हती, तोच २०२४ च्या तिसऱ्या तिमाहीत मुख्यतः इंटेल ७ या प्रक्रियेच्या यंत्रसामग्रीसाठी मूल्यघट आणि वेगवान घसारा मिळून सुमारे ३.१ अब्ज डॉलर खर्ची टाकावे लागले. आयुष्य वाढवणे चुकीचे होते असे यावरून सिद्ध होत नाही. ॲनालॉग किंवा जुन्या प्रक्रियेची यंत्रे खरोखरच दीर्घकाळ चालतात. पण वाढवलेले आयुष्य अंदाजच असतो, हे मात्र दिसते. तैवानची टीएसएमसी आपली यंत्रे मुख्यतः पाच वर्षांत उतरवते. या दोघींची तुलना करणाऱ्याने निदान एकदा तरी घसाऱ्याची टीप उघडून दोघींचे वर्षांचे अंदाज शेजारी लिहावेत.

आणखी एक बारकावा. बांधकाम चालू असलेल्या फॅबवर घसारा लागतच नाही. इंटेलच्या २०२४ अखेरच्या सुमारे १०८ अब्ज डॉलरच्या इमारती-यंत्रसामग्रीपैकी ५० अब्जांच्या आसपास रक्कम अशा अपूर्ण कामांची होती. हा भाग पूर्ण किमतीने छेदात बसतो. शिवाय बांधकामाच्या काळातील व्याज खर्चात न दाखवता मालमत्तेच्या किमतीत मिळवले जाते. म्हणून मोठे बांधकाम चालू असलेल्या कंपनीचा नफा-तोटा पत्रकातील व्याजखर्च वस्तुस्थितीपेक्षा कमी दिसतो. खरे व्याज पाहायचे असेल तर प्रत्यक्ष भरलेल्या व्याजाची आणि भांडवली केलेल्या व्याजाची टीप पाहावी.

६. कंपनी बुडाली तर यंत्रे विकून कर्ज फिटेल ना?

फारसा भरवसा ठेवू नये. चिपउद्योगात मंदी बहुधा सर्वांवर एकदम येते; त्यामुळे ज्या दिवशी एकाला यंत्रे विकायची असतात त्या दिवशी शेजाऱ्यालाही ती नको असतात. जर्मनीच्या किमोंडा या मेमरी कंपनीने जानेवारी २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तिची ३०० मिलिमीटर वेफरची (ज्या चकतीवर चिप बनतात तिची) यंत्रसामग्री टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने त्याच वर्षी १७.२५ कोटी डॉलरला उचलली आणि त्यावर रिचर्ड्सन येथील आपली ॲनालॉग फॅब सुसज्ज केली. खरेदीदाराच्या दृष्टीने तो सौदा अतिशय स्वस्त मानला जातो, आणि धनकोला नेमकी त्याचीच किंमत मोजावी लागते.

सर्वांत आधुनिक यंत्रांची अडचण आणखी मोठी आहे. ईयूव्ही लिथोग्राफीचे, म्हणजे अतिनील प्रकाशाने चिपवर सूक्ष्म आराखडा उमटवणारे, यंत्र वापरू शकणाऱ्या कंपन्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, आणि निर्यातनिर्बंधांमुळे ते चीनला पाठवता येत नाही.

७. ज्या कंपनीने मोठ्या कंपन्या विकत घेतल्या आहेत, तिचे गुणोत्तर कसे वाचावे?

अशा कंपनीच्या छेदात गुडविल आणि अमूर्त मालमत्ता (पेटंट, तंत्रज्ञान, ग्राहकसंबंध यांसारखी) भरलेली असते. विकत घेतलेल्या कंपनीच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली किंमत म्हणजे गुडविल. ते विकता येत नाही, गहाणही ठेवता येत नाही.

चिपकंपनी ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर या सॉफ्टवेअर कंपनीची खरेदी २२ नोव्हेंबर २०२३ रोजी पूर्ण केली. त्यानंतरच्या वर्षाअखेर, म्हणजे ३ नोव्हेंबर २०२४ रोजी, तिची एकूण मालमत्ता सुमारे १६५.६ अब्ज डॉलर होती आणि कर्ज सुमारे ६७.६ अब्ज. गुणोत्तर ४१ टक्के, म्हणजे जड, पण अनोळखी नाही. आता मालमत्तेतून सुमारे ९७.९ अब्जांचे गुडविल आणि ४०.६ अब्जांची अमूर्त मालमत्ता वजा केली तर २७ अब्जांच्या आसपास उरतात. त्या उरलेल्या मूर्त मालमत्तेच्या अडीचपट कर्ज आहे.

म्हणजे कंपनी धोक्यात होती का? नव्हती, कारण त्याच वर्षी भांडवली खर्च वजा जाता तिच्या हाती सुमारे १९.४ अब्ज डॉलरची रोकड आली. तेवढी रोकड टिकली तर साडेतीन वर्षांच्या आसपास सर्व कर्ज फिटते. येथे मालमत्तेशी केलेली तुलना जवळजवळ निरुपयोगी ठरते आणि रोख प्रवाहाशी केलेली तुलना बोलकी ठरते. फॅबलेस आणि सॉफ्टवेअरकडे झुकलेल्या कंपन्यांसाठी हाच क्रम ठेवावा. उलट, रोख प्रवाह दुबळा आणि मूर्त मालमत्ताही थोडी, अशी कंपनी दिसली तर गुणोत्तर कितीही सौम्य असले तरी सावध व्हावे.

याची दुसरी बाजूही आहे. कंपनीने स्वतः घडवलेले तंत्रज्ञान बहुधा ताळेबंदात दिसतच नाही, कारण अमेरिकी लेखामानकांनुसार संशोधनाचा खर्च त्याच वर्षी नफ्यातून वजा होतो. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार विकासखर्चाचा काही भाग अटी पूर्ण झाल्यास मालमत्ता म्हणून दाखवावा लागतो. त्यामुळे वेगवेगळी मानके वापरणाऱ्या दोन चिपकंपन्यांचे छेद मुळातच एका मापाचे नसतात.

८. कंपनीकडे भरपूर रोख असेल तर ती कर्जातून वजा करावी का?

करावी, पण दोन अटींवर. पहिली अट अशी की अंशातून वजा केलेली रोख छेदातूनही वजा करायची. अन्यथा तीच रक्कम दोनदा उपयोगी पडते. दुसरी अट अशी की ती रोख आधीच कोणत्या कामासाठी बांधलेली आहे ते पाहायचे. इंटेलकडे २०२४ अखेर सुमारे २२ अब्ज डॉलरची रोख आणि अल्पमुदतीची गुंतवणूक होती. ती वजा केली तर निव्वळ कर्ज २८ अब्ज उरते आणि चित्र सुसह्य होते. पण त्या वर्षी कंपनीने इमारती आणि यंत्रांवर सुमारे २४ अब्ज खर्च केले, तर कामकाजातून आले केवळ ८.३ अब्ज. म्हणजे ही रोख पूर्ण दीड वर्षही पुरणारी नव्हती. फॅब बांधत असलेल्या कंपनीच्या बाबतीत निव्वळ कर्ज आणि एकूण कर्ज असे दोन्ही आकडे लिहून ठेवणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

९. सरकारी अनुदानाने गुणोत्तर सुधारते का?

हिशेब कसा ठेवला आहे यावर ते अवलंबून आहे, आणि येथे एक विचित्र प्रकार घडतो. अमेरिकेच्या ९ ऑगस्ट २०२२ च्या चिप्स कायद्याने उत्पादनासाठी ३९ अब्ज डॉलरचे प्रोत्साहन आणि भांडवली गुंतवणुकीवर २५ टक्के करसवलत दिली. असे अनुदान दोन प्रकारे दाखवता येते: मालमत्तेच्या किमतीतून थेट वजा करून, किंवा मालमत्ता पूर्ण किमतीने ठेवून अनुदान पुढे ढकललेले उत्पन्न म्हणून देण्यांच्या बाजूला लिहून. समजा फॅबची किंमत १००, अनुदान २५ आणि कर्ज ३० आहे. पहिल्या पद्धतीत गुणोत्तर ७५ पैकी ३० म्हणजे ४० टक्के येते. दुसऱ्यात ३० टक्के. कंपनी तीच, पैसा तोच. आणि ज्यांनी प्रश्न २ मधील ‘सर्व देणी’ ही व्याख्या धरली आहे त्यांना दुसऱ्या पद्धतीत ५५ टक्के दिसतील.

अनुदान कायम अनुदानच राहील असेही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने इंटेलला द्यायच्या ८.९ अब्ज डॉलरच्या बदल्यात सुमारे १० टक्के भाग घेतले. कर्ज त्यामुळे वाढले नाही, पण जुन्या भागधारकांचा वाटा मात्र घटला.

१०. ग्राहकाने दिलेली आगाऊ रक्कम कर्ज समजावी का?

ती परत करायची वेळ येऊ शकते का, एवढा एकच प्रश्न विचारावा. प्रश्न २ मधील एएसएमएलसारख्या कंपनीला मागणी इतकी आहे की यंत्र देऊन देणे फिटते. पण करारात परतफेडीची तारीख किंवा व्याज असेल तर नाव काहीही असो, ते कर्जच आहे.

जपानच्या रेनेसासने २०२३ मध्ये सिलिकॉन कार्बाइड वेफरच्या दहा वर्षांच्या पुरवठ्यासाठी अमेरिकेच्या वुल्फस्पीडकडे २ अब्ज डॉलरची अनामत ठेवण्याचा करार केला. वुल्फस्पीडने ३० जून २०२५ रोजी न्यायालयीन पुनर्रचनेसाठी अर्ज केला, तेव्हा ही रक्कम बाकीच्या कर्जाबरोबरच वाटाघाटीच्या टेबलावर आली. रेनेसासला तिच्या बदल्यात परिवर्तनीय रोखे (ज्यांचे पुढे भागांत रूपांतर करता येते), भाग आणि वॉरंट (ठरलेल्या भावाने भाग घेण्याचा हक्क) स्वीकारावे लागले आणि मोठा तोटा आपल्या पुस्तकात नोंदवावा लागला. ज्यांनी ही अनामत आधीच कर्जात मोजली होती त्यांना त्या कंपनीचा भार वेळेत दिसला असता.

११. परिवर्तनीय रोखे अर्धे भागभांडवलच असतात, मग ते पूर्ण कर्जात का धरायचे?

कारण रोख्याचे भागात रूपांतर धारक करतो, आणि तो ते भाव चढला तरच करतो. भाव चांगला असतो तेव्हा कंपनीला पैशांची चणचण नसते. चणचण असते तेव्हा भाव पडलेला असतो आणि धारक मुद्दल मागतो. वुल्फस्पीडच्या बाबतीत हेच झाले. तिच्या सुमारे ६.५ अब्ज डॉलरच्या कर्जात परिवर्तनीय रोख्यांचा मोठा वाटा होता आणि त्यांतील ५७.५ कोटी डॉलरचे रोखे मे २०२६ मध्ये परत करायचे होते.

लेखामानकांचा फरक येथेही आहे. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार रोख्याचा काही भाग भागभांडवलात जातो आणि कर्ज कमी दिसते. अमेरिकी मानकांनुसार आता बहुतेक रोखे पूर्णपणे कर्जातच राहतात. दोन्ही ठिकाणी टिपेतील मुद्दल धरावे.

१२. फॅबलेस कंपनीवर जवळजवळ कर्ज नाही. मग तिच्याबाबत काळजीचे कारण नाही ना?

व्याजी कर्ज नसेल, पण खरेदीची बांधिलकी असू शकते. स्वतःची फॅब नसल्याने अशा कंपनीला फाउंड्रीकडील (इतरांसाठी चिप बनवून देणाऱ्या कंपनीकडील) क्षमता, मेमरी आणि पॅकेजिंग आधीच राखून ठेवावे लागते. कधी त्यासाठी पैसेही भरावे लागतात. ही बांधिलकी ताळेबंदात येत नाही, टिपांमध्ये असते. जानेवारी २०२५ अखेर एनव्हिडियाची अशी बांधिलकी सुमारे ३०.८ अब्ज डॉलर होती, म्हणजे तिच्या कर्जाच्या साडेतीनपटींहून जास्त. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने तिच्या एच२० चिपच्या चीनमधील निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा कंपनीला पडून राहिलेला साठा आणि खरेदीची बांधिलकी यांपोटी ४.५ अब्ज डॉलरचा फटका बसला. तिच्या नफ्यापुढे ही रक्कम लहान होती. लहान फॅबलेस कंपनीला त्याच प्रमाणातील बांधिलकी बुडवू शकते.

१३. कंपनी बाहेरच्या गुंतवणूकदाराबरोबर भागीदारीत फॅब बांधते आणि कर्ज वाढत नाही. हे कसे?

पैसा कर्ज म्हणून न येता हिस्सा म्हणून येतो, म्हणून. इंटेलने ॲरिझोनातील फॅबसाठी २०२२ मध्ये ब्रुकफील्डशी करार केला आणि आयर्लंडमधील फॅब ३४ चा ४९ टक्के हिस्सा २०२४ मध्ये अपोलोला ११ अब्ज डॉलरला दिला. नियंत्रण इंटेलकडेच असल्याने फॅबची पूर्ण मालमत्ता तिच्या ताळेबंदात येते. भागीदाराचा वाटा इतर हिस्सेदारांचे भांडवल म्हणून वेगळा दिसतो. परिणामी छेद वाढतो, अंश नाही, आणि गुणोत्तर सुधारल्यासारखे दिसते.

परंतु भागीदार फुकट बसलेला नसतो. आयर्लंडच्या करारात ठरावीक उत्पादनपातळी राखण्याची जबाबदारी इंटेलवर होती आणि ती न राखल्यास भरपाई द्यावी लागणार होती. नफा चांगला असताना हे भांडवल आहे, मागणी घटली की त्याचे वागणे कर्जासारखे होते. सावध वाचकाने गुणोत्तर दोनदा काढावे: एकदा जसे आहे तसे, आणि एकदा भागीदाराचा हिस्सा कर्जात धरून.

१४. भाडेपट्ट्याची देणी कर्जात धरायची का?

फॅब असलेल्या कंपनीत त्यांनी फारसा फरक पडत नाही, कारण फॅब आणि यंत्रे बहुधा स्वतःच्या मालकीची असतात. धरायची की नाही याचा एकच नियम ठरवून सर्व कंपन्यांना सारखा लावावा, एवढे पुरे आहे.

१५. कर्ज तेवढेच असून गुणोत्तर वाढले, कारण कंपनीने स्वतःचे भाग परत विकत घेतले. हे वाईट आहे का?

भागांच्या पुनर्खरेदीत रोख जाते, मालमत्ता आटते आणि गुणोत्तर चढते. नफा स्थिर असलेल्या ॲनालॉग कंपनीला हे परवडते. मेमरी कंपनीने तेजीत असे केले तर मंदीसाठीची शिदोरी तिने आधीच खाल्ली असे समजावे. प्रश्न ४ मधील गणित पुन्हा तपासावे. कर्ज काढून पुनर्खरेदी केली असेल तर अंश वाढतो आणि मालमत्ता होती तेवढीच राहते.

१६. गुणोत्तर ठीकठाक असूनही कंपनी अडचणीत येऊ शकते का? त्यासाठी आणखी काय पाहावे?

येऊ शकते, कारण कंपन्या गुणोत्तरामुळे नव्हे, तर ठरल्या तारखेला पैसे न देता आल्यामुळे कोसळतात. म्हणून सर्वांत आधी कर्जफेडीचे वेळापत्रक पाहावे. पुढच्या पाच वर्षांत दरवर्षी किती मुद्दल परत करायचे आहे, हा तक्ता कर्जाच्या टिपेत असतो. एखाद्या वर्षी डोंगर दिसला आणि ते वर्ष नव्या फॅबच्या सुरुवातीच्या काळात पडत असेल, तर तेथेच थांबून विचार करावा. नवी फॅब सुरू होताना घसारा पूर्ण लागतो, क्षमता मात्र रिकामी असते. वुल्फस्पीडची कोंडी याच टप्प्यावर झाली. पुनर्रचनेतून ती सप्टेंबर २०२५ अखेर बाहेर पडली तेव्हा कर्ज सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाले होते आणि मुदती २०३० पर्यंत पुढे गेल्या होत्या. धनको आणि भागधारक या दोघांनीही त्याची किंमत मोजली.

त्यानंतर नफ्याने व्याज किती पटीने भागते ते पाहावे, पण एका वर्षाचा आकडा घेऊ नये. मायक्रॉनच्या तोट्याच्या वर्षी हा आकडा ऋण होता, तेजीच्या वर्षी तो प्रचंड असतो. दोन्ही वर्षे एकेकटी निरर्थक आहेत. किमान एक पूर्ण चक्र, म्हणजे चार-पाच वर्षांची सरासरी घ्यावी. बँकांच्या कर्जकरारातील अटी, न वापरलेली कर्जमर्यादा आणि कर्ज कोणत्या चलनात आहे हेही तपासावे. विक्री डॉलरमध्ये आणि कर्ज येनमध्ये असलेल्या कंपनीला येन महागला की एल्पिडासारखी कात्री लागते.

१७. हे सर्व आकडे नेमके कोठे सापडतात?

एकूण मालमत्ता, अल्प आणि दीर्घमुदतीचे कर्ज आणि गुडविल ताळेबंदाच्या मुख्य पानावर असतात. यंत्रांचे आयुष्य आणि अपूर्ण बांधकाम इमारती व यंत्रसामग्रीच्या टिपेत असते. मुदती, व्याजदर आणि परिवर्तनीय रोखे कर्जाच्या टिपेत. खरेदीची बांधिलकी ‘बांधिलकी आणि आकस्मिक देणी’ या टिपेत. भागीदारीतील फॅबचा करार बहुधा स्वतंत्र टिपेत. भांडवली केलेले व्याज एखाद्या ओळीत लपलेले असते, त्यासाठी अहवालात शोध घ्यावा लागतो. तिमाही अहवालात या टिपा संक्षिप्त असतात, म्हणून गुणोत्तराचा आकडा तिमाहीत ताजा करावा, पण छेदाची तपासणी वार्षिक अहवाल हाती घेऊनच करावी. वर्षाअखेरचा आकडा मागील तिमाहीपेक्षा अचानक सुधारला असेल तर शेवटच्या आठवड्यांत फेडलेले आणि लगेच पुन्हा काढलेले अल्पमुदतीचे कर्ज आहे का, हे पुढच्या तिमाहीच्या ताळेबंदावरून ताडून पाहता येते.